मुख्याध्यापिकांची फेरपरीक्षा आमच्या गोठ्यात घेण्याबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
पुणे.

विषय : इयत्ता पाचवीच्या वार्षिक परीक्षेत 'स्वतःच्या शब्दांत' उत्तरे लिहिल्यामुळे माझी मुलगी अनुत्तीर्ण ठरल्याबाबत, व त्याच कसोटीवर तिच्या मुख्याध्यापिकांची परीक्षा घेण्याबाबत.

संदर्भ : १) शाळेच्या पालक मार्गदर्शन कार्यशाळेत मिळालेले सूचनापत्रक, सूचना क्र. ५.
२) मुख्याध्यापिकांची तोंडी सूचना : "काय म्हणायचंय ते अर्जात लिहा."

महोदय,

मी, शर्मिला इंद्रजीत कामठे, राहणार मांजरी बुद्रुक, संदर्भ क्र. २ नुसार हा अर्ज सादर करीत आहे. माझी मुलगी कु. ऋतिका शब्दांकुर विद्यानिकेतन, मांजरी येथे पाचवीत होती. ही शाळा पाचवीपर्यंतच आहे, त्यामुळे सहावीसाठी तिला दुसरीकडे जायचे आहे. ती कशी जाते, मान वर करून की खाली घालून, एवढाच या अर्जाचा प्रश्न आहे.

सुरुवातीलाच एक खुलासा करते. मी खराडीतील एका कंपनीच्या तक्रार निवारण विभागात नोकरीस आहे. "आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे, योग्य ती कार्यवाही करण्यात येईल" हे वाक्य मी दिवसभर लोकांना पाठवीत असते. तरी तसे उत्तर कृपया मला पाठवू नये. तक्रार कुठल्या वळणावर नेऊन सोडतात, हे मला आतून माहीत आहे. सदर अर्ज जेवणाच्या सुट्टीत, कंपनीच्या बसमध्ये आणि कुकरच्या शिट्ट्यांच्या मध्ये लिहिला आहे. कुठे सूर सुटला असेल तर तिथे शिट्टी झाली असे समजावे.

१. जानेवारीत शाळेने आम्हां पालकांसाठी 'शेवटचे वर्ष, पहिली खरी परीक्षा' अशी कार्यशाळा घेतली. समुपदेशक तनुजा मॅडम यांनी आम्हांला मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसवले आणि सूचनापत्रक वाटले. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पत्रक चांगले होते. चूक एवढीच झाली की मी ते पाळले.

टीव्ही बंद ठेवा, असे होते. ठेवला. माझ्या यजमानांनी क्रिकेटचे सामने कोपऱ्यावरच्या दुकानात उभ्याने पाहिले. सासूबाईंच्या मालिकेत कोण मेले आणि कोण परत आले, हे त्यांना अजून कळलेले नाही. भिजवलेले बदाम द्या, असे होते. दिले. ते ऋतिकाने म्हशीला घातले, हे नंतर उघडकीस आले. परीक्षेला निघताना मुलाला मिठी मारा, असे होते. मारली, व रिक्षावाले काका हॉर्न वाजवेपर्यंत सोडली नाही. अभ्यासाला स्वतंत्र शांत जागा द्या, असेही होते. आमच्या दारावरून दिवसभर नव्या बांधकामांचे डंपर जातात. घराच्या मागे जी शांत जागा उरली आहे ती म्हणजे आमचा गोठा. तिथे आता एकच म्हैस आहे, नाव चांदी. ऋतिकाला तिथे पाट आणि दिवा लावून दिला. चांदीने एकदाही अभ्यासात व्यत्यय आणला नाही. हे मी घरातील इतर कोणाबद्दल लिहू शकत नाही.

२. सूचना क्र. ५ अशी : "पाठांतराचा आग्रह धरू नका. मुलांना स्वतःच्या शब्दांत लिहू द्या." ही सूचना मला इतकी आवडली की ती कापून फ्रिजवर चिकटवली. "बाळा, गाईडमधलं नको, तुझ्या शब्दांत लिही," असे मी तिला येता-जाता सांगत राहिले.

३. मराठीच्या प्रश्नपत्रिकेत 'स्वतःच्या शब्दांत' हे शब्द तीन ठिकाणी आले. आवडता प्राणी, कवितेचा अर्थ, चित्रवर्णन. तिन्ही ठिकाणी तिला शून्य आहे. बाकीच्या प्रश्नांत तिचे गुण उत्तम आहेत आणि ती उत्तरे आपण ज्याला शुद्ध म्हणतो त्या मराठीत आहेत. म्हणजे तिला शुद्ध येत नाही, असे कोणाला म्हणता येणार नाही. तरी बेरीज कमी पडली आणि ती अनुत्तीर्ण झाली. आवडत्या प्राण्याबद्दल तिने लिहिलेले जसेच्या तसे उद्धृत करते :

"आमची म्हस हाय. तिचं नाव चांदी. ती काळी हाय पन तिच्या कपाळावर चांद हाय. मी गोठ्यात अभ्यास करते. मी कविता म्हनते तवा ती रवंथ करायची थांबती. तिला माझ्या समद्या कविता येत्यात. पन ती परीक्षेला बसत न्हाय, म्हनून तिला कुनी हुशार म्हनत न्हाय."

याखाली लाल शाईत शेरा आहे : "ही भाषा नव्हे. घरी बोलता तसे लिहू नये."

वर्गातील इतर मुलांनी गायीवर लिहिले, असे कळते. सर्व गायींना चार पाय, दोन शिंगे व एक शेपूट आहे, सर्व गायी उपयुक्त आहेत आणि एकीलाही नाव नाही. सर्व गायी उत्तीर्ण झाल्या.

४. येथवर चूकभूल म्हणून सोडून देता आले असते. पुढचे सोडता येत नाही.

निकालाच्या दिवशी मला सुट्टी मिळाली नाही. म्हणून माझ्या सासूबाई श्रीमती शकूबाई निकाल आणायला गेल्या. धुवट लुगडे नेसल्या, पिशवीत पेढे घेतले. मुख्याध्यापिका श्रीमती नीरजा सरनाईक यांनी सभागृहात पालकांसमोर 'घरी काय टाळावे' याचे उदाहरण म्हणून ऋतिकाची म्हैस मोठ्याने वाचून दाखवली. नाव घेतले नाही, असे त्या म्हणतात. खरे आहे. पण चांदीचे नाव घेतले, आणि वर्गातल्या प्रत्येक मुलाला चांदी कोणाची ते ठाऊक आहे. वाचताना त्यांनी आवाज काढला, मान हलवली, 'हाय' हा शब्द गाडीने हॉर्न द्यावा तसा लांबवला. पालक हसले. माझ्या सासूबाईही हसल्या. आपल्या नातीचे कौतुक चालले आहे, असे त्यांना वाटले. शेजारच्या बाईकडे वळून "माझीच नात हाय ती," असे त्यांनी सांगितलेही. त्या बाई ज्या नजरेने पाहू लागल्या, त्यावरून सासूबाईंना काय चालले आहे ते समजले.

त्या निकालपत्र घेऊन घरी आल्या. पेढे चांदीपुढे ठेवले. मला एवढेच म्हणाल्या, "बाईंला आपल्यावानी बोलता येत न्हाय तर चेष्टा कशापायी करावी? आधी शिकून तरी यावं."

माझे माहेर कात्रजचे. घरात पुस्तकात असते तशीच मराठी. लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्या दिवशी मला कोणी विचारले असेल तर या बाईने. "जेवलीस व्हय गं?" असे विचारले होते. मी ते वाक्य पुष्कळदा तपासून पाहिले आहे. त्यात मला अशुद्ध काही सापडलेले नाही.

५. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून मुख्याध्यापिकांना भेटले. त्यांनी अत्यंत सौजन्याने छापील नमुना पुढे केला. त्यातील रिकाम्या जागा त्यांनीच भरल्या होत्या : "आमच्या घरी अशुद्ध भाषा बोलली जात असल्याने माझी पाल्य भाषेत कमकुवत राहिली आहे. तरी कृपया सवलतीचे गुण द्यावेत." खाली पालकाची सही.

"मिळतात हो गुण, अगदी सहज. फक्त इथे सही करा आणि विषय संपवा," असे त्या म्हणाल्या. सही नाही केली तर, असे मी विचारले. "मग जूनमध्ये फेरपरीक्षा. नाहीतर पुन्हा पाचवी. अहो, एका सहीचा तर प्रश्न आहे. तुम्ही शिकलेल्या दिसता, तुम्हांला कळायला हवं." मला सवलत नको, ती तीन उत्तरे पुन्हा तपासून हवीत, असे मी सांगितल्यावर त्यांनी घड्याळ पाहिले आणि संदर्भ क्र. २ मधील वाक्य उच्चारले.

नमुना सोबत जोडला आहे. सही केलेली नाही. ती मी या अर्जाखाली करणार आहे.

६. माझ्या मुलीची सद्यःस्थिती नोंदवणे आवश्यक आहे. ती बोलकी आहे. होती. शाळेतून आली की दप्तर एकीकडे, चप्पल एकीकडे आणि गोष्ट अर्ध्यातूनच सुरू. आता ती बोलण्याआधी थांबते. ओठ आधी नुसते हलतात, वाक्य आत दुरुस्त होते, मग बाहेर येते. मध्येच "आई, हे बरोबर आहे ना?" असे विचारते. परवा फेरपरीक्षेच्या जादा वर्गाला ती डबा विसरली, म्हणून सासूबाई उन्हातून शाळेच्या फाटकाशी गेल्या आणि "ए ऋतू, डबा इसरलीस गं!" अशी हाक मारली. ऋतिकाने वळून पाहिले नाही. ऐकूच आले नाही, असे ती घरी म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, "आसंल, डंपर चालला व्हता." फाटकासमोर डंपर जात नाहीत, महोदय. ते आमच्या दारावरून जातात.

त्या संध्याकाळी ती पाटावर बसून गाईडमधला गायीचा निबंध पाठ करीत होती. चांदी रवंथ करीत होती, थांबली नाही. मी विचारले, "बाळा, बाकी सगळं छान लिहिलंस, मग त्या तीनच प्रश्नांत तसं का लिहिलंस?"

ती म्हणाली, "त्यात स्वतःच्या शब्दांत असं होतं ना. बाकीचे शब्द शाळेचे आहेत."

महोदय, प्रश्न काय विचारला आहे हे त्या संपूर्ण शाळेत एकाच व्यक्तीला कळले होते, आणि तिला नापास करण्यात आले.

७. सबब, मला सूड हवा आहे. हा शब्द मी विचार करून वापरीत आहे. कार्यालयीन भाषेत त्याला 'उचित कार्यवाही' म्हणतात असे समजते. आपण तसे वाचावे. माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे :

(अ) ती तीन उत्तरे शाळेबाहेरील परीक्षकांकडून पुन्हा तपासावीत. प्रश्नात जे मागितले ते दिले आहे की नाही, एवढेच पाहावे. मिळतील ते गुण तिचे. कृपा म्हणून एकही नको.

(आ) ते शक्य नसल्यास यापुढे प्रश्नपत्रिकेत 'स्वतःच्या शब्दांत' ऐवजी 'मुख्याध्यापिकांच्या शब्दांत' असे छापावे. मुलांची फसवणूक टळेल. सूचनापत्रकातील क्र. ५ चीही तशीच दुरुस्ती करावी. बदामांची सूचना तशीच राहू द्यावी, म्हशीला मानवतात.

(इ) श्रीमती सरनाईक यांची फेरपरीक्षा जून महिन्यात आमच्या गोठ्यात घ्यावी. विषय : म्हैस. परीक्षक : श्रीमती शकूबाई कामठे. त्यांनी चांदीसमोर उभे राहून चांदीविषयी स्वतःच्या शब्दांत बोलावे. 'उपयुक्त', 'पशुधन' व 'आपल्याला दूध देते' हे शब्द परीक्षकांच्या घरी बोलले जात नसल्याने ते अशुद्ध धरले जातील. सभागृहात काढलेल्या आवाजात बोलल्यास शून्य, कारण तसे इथे कोणीही बोलत नाही. त्यांची उत्तरे नंतर गल्लीतील बायकांसमोर, 'शाळेत काय टाळावे' या शीर्षकाखाली, वाचून दाखवली जातील. नाव घेतले जाणार नाही.

(ई) त्या अनुत्तीर्ण झाल्यास आम्ही निर्दय नाही. सवलतीचे गुण अवश्य देऊ. त्यांनी फक्त अर्ज करावा : "माझ्या शाळेत मुलांचे ऐकून घेतले जात नसल्याने मी भाषेत कमकुवत राहिले आहे." एका सहीचा तर प्रश्न आहे. त्या शिकलेल्या आहेत, त्यांना कळायला हवे.

(उ) वरीलपैकी काहीच झाले नाही, तर ऋतिका जूनच्या फेरपरीक्षेला बसेल. सही होणार नाही. काल तिने गाईड मिटून माझ्याकडे दिले आणि म्हणाली, "मी परत चांदीवरच लिहू?" मी हो म्हटले. या वेळी ती शुद्ध मराठीत लिहील, 'आहे' लिहील, 'न'च्या जागी 'ण' लिहील, कारण तेही तिला येते. फक्त एक वाक्य तसेच ठेवणार आहे, असे तिने बजावले आहे : "तिला माझ्या समद्या कविता येत्यात." ते तिने चांदीला तसेच सांगितले होते, म्हणे, आता बदलले तर चांदीला कसे कळेल? त्या वाक्याखाली लाल रेघ मारण्यापूर्वी परीक्षकांनी स्वतःला एवढे विचारावे, की आपण शिकवलेली एक तरी कविता कोणी रवंथ थांबवून ऐकली आहे का.

अर्जाच्या नमुन्यात शेवटी 'आपली नम्र' लिहावे असे आहे, म्हणून खाली लिहीत आहे. तो शब्द नमुन्याचा आहे, माझा स्वतःचा नव्हे, याची नोंद घ्यावी.

आपली नम्र,

शर्मिला इंद्रजीत कामठे
(ऋतिकाची आई)
मांजरी बुद्रुक, पुणे
दिनांक : १४ मे २०२५

सोबत :
१) ऋतिकाच्या उत्तरपत्रिकेची प्रत.
२) सूचनापत्रक (फ्रिजवरून काढलेले, कोपऱ्याला तेलाचा डाग आहे).
३) सवलतीच्या गुणांसाठीचा छापील नमुना, सहीविना.
४) श्रीमती शकूबाई कामठे यांचे परीक्षक म्हणून संमतीपत्र, त्यांच्या स्वतःच्या शब्दांत : "येऊ द्या बाईंला. म्हस हितंच हाय, मी बी हितंच हाय."