कर्दनकाळ आणि पॅकेट लॉस

३ डिसेंबर, बुधवार

आज सगळ्या फेऱ्यांत सगळ्यात आधी मेलो. नोंद स्पष्ट असावी म्हणून लिहितो: मी मेलो नाही. मला नेटने मारलं.

त्या हिरव्या टोपीवाल्याच्या कपाळात मी गोळी घातली होती. डोळ्यांनी पाहिलं. पण माझी गोळी चेन्नईतल्या मैलापुरातून निघते आणि मुंबईच्या सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही. वाटेत गळते. याला पॅकेट लॉस म्हणतात. त्याची गोळी मात्र बरोबर माझ्या डोक्यात.

हेडफोन भिंतीवर आपटला. तुटला. दिवाळीतच घेतला होता, पण क्वालिटी भिकार असणार, नाहीतर एका आपटण्यात तुटतो का.

२१ तारखेला कंपनीच्या ऑनलाइन गेम-स्पर्धेची फायनल. आमचा श्रीपेरुंबुदूरचा प्लांट विरुद्ध पुण्याचा प्लांट. मी कॅप्टन, गेममधलं नाव कर्दनकाळ. पुण्याच्या प्लांटनेच मला इकडे ढकललं. त्यांच्या टीममधल्या एकेकाला मी ओळखतो. एकेकाला टिपून मारणार, मेल्यावर वरून ग्रेनेड टाकणार. या शहरात मला तमिळ येत नाही, उन्हाळा सोसत नाही. पण कँटीनमध्ये लोक कॅप्टन म्हणून हाक मारतात. ते मी सोडणार नाही.

संकल्प: रागावर ताबा.

५ डिसेंबर, शुक्रवार

मी क्वालिटी डिपार्टमेंटचा माणूस. प्लांटमध्ये एक नट सैल निघाला तरी आम्ही व्हाय-व्हाय करतो. का, का, का असं विचारत गेलं की मूळ कारण हाती लागतं. आज स्वतःचं केलं.

मी का मेलो? गोळी पोहोचली नाही. का? पॅकेट लॉस. का? वायफाय अशक्त. का? राउटर खाली, मी वरच्या मजल्यावर. राउटर खाली का? कारण तो देवघरात आहे.

मूळ कारण देव निघालं. हे रिपोर्टमध्ये लिहिता येत नाही.

घरमालक राघोत्तमराव आणि कृष्णवेणीबाई हे तंजावरकडचे मराठी. घराणं कित्येक पिढ्या इकडेच, बोलणं पोथीतल्यासारखं. भिंतीला आयतं भोक फक्त देवघरात होतं, म्हणून केबलवाल्याने डबा तिथेच ठोकला. त्या केबलवाल्याला त्याच्याच केबलने करकचून बांधावा असं आज बसमध्ये बराच वेळ वाटत होतं.

६ डिसेंबर, शनिवार

दिवेलागणीनंतर राउटर रिस्टार्ट करायला खाली गेलो. राघोत्तमरावांनी उंबऱ्यातच अडवलं. म्हणाले, स्नान करून, ओलें धोतर नेसून यावें, मग काय तें करावें. कृष्णवेणीबाई आतून म्हणाल्या, अय्यो, थंडी वाजेल त्यांस, माझ्याजवळ वाळलेलें सोवळें आहे. सोवळं मला अपुरं पडलं.

आंघोळ केली. ओल्या धोतरात, कुडकुडत, गोपाळकृष्णासमोर राउटर बंद करून चालू केला. त्यानंतर थोडा वेळ नेट झकास. मग पुन्हा घाण.

आज एकूण तीनदा आंघोळ. दर वेळी आधी झकास, मग घाण. राउटरचा गळा दाबता येत नाही कारण त्याला गळा नाही.

८ डिसेंबर, सोमवार

कंपनीच्या बसमध्ये रघुरामची कॉलर धरली. तो आमच्याच टीममधला. हसत म्हणाला, कॅप्टन, तुम्ही आधी मरता ते बरंय, आम्हाला शत्रू कुठे आहे ते कळतं. शर्टाची दोन बटणं तुटली. त्याच्या. माझ्या हाताला खरचटलं.

श्रीनिधीने मध्ये पडून सोडवलं. श्रीनिधी म्हणजे आमच्याच डिपार्टमेंटची ज्युनियर, टीममध्येही माझ्या हाताखाली. म्हणाली की वायफायवर गेम खेळतच नाहीत, वायर लावा, घरमालकांना विचारा. मी म्हटलं, ते नाही म्हणतील. ती म्हणाली, विचारलंत का? असल्या प्रश्नांनी टीमचं मनोधैर्य खचतं. तिला तसं सांगितलं.

पण वायरची कल्पना चांगली आहे. मला आधीच सुचली होती.

११ डिसेंबर, गुरुवार

न विचारता काम फत्ते करायचं ठरवलं. देवघर बरोबर माझ्या खोलीखाली आहे. भिंतीतून तिरपं भोक पाडलं की वायर थेट राउटरवर. आंघोळीची गरज नाही. प्लांटमधून ड्रिल आणला.

ड्रिल हातात आल्यावर फार बरं वाटलं. भिंतीच्या जागी पुण्याची टीम आहे असं समजून घुसवला. छाती, पोट, आरपार. प्लास्टर उडत होतं. मी ओरडतही होतो बहुतेक.

भिंतीत पाण्याचा पाइप होता.

धावत खाली गेलो, पण देवघरात शिरणार कसा? आंघोळ झाली नव्हती. भिजून चिंब झालो होतो, तरी ती आंघोळ धरत नाहीत. उंबऱ्यावर उभा. आत छतातून देवांवर धार लागलेली आणि कोपऱ्यात टण् टण् असा आवाज. बघतो तर तांब्याचं भलंमोठं घंगाळ पालथं घातलेलं. विचारलं, हे काय?

कृष्णवेणीबाई शांतपणे म्हणाल्या, त्याच्याखालीं तुमचा डबा आहे. सांजवात झाली की देव निजतात. डब्याचे हिरवे दिवे रात्रभर लुकलुक करतात, देवांस झोंप कशी यावी? म्हणून झांकत्यें. तुम्ही स्नान करून येतां तेव्हां तेवढें काढून ठेवत्यें.

तांब्याखाली! वायफाय तांब्याखाली! मी पंधरवडाभर तांब्याच्या घंगाळातून गोळ्या झाडत होतो! उंबऱ्यावर उभं राहून मोठ्याने हसलो. त्या दोघांना वाटलं पाइपमुळे डोक्यावर परिणाम झाला.

सगळ्यांना मेसेज: मूळ कारण सापडलं. मी निर्दोष.

१३ डिसेंबर, शनिवार

प्लंबर येऊन गेला. राघोत्तमरावांनी पाइपबद्दल चकार शब्द काढला नाही. वायरीबद्दल भीत भीत विचारलं तर म्हणाले, सेरि, बरें, खिडकींतून घ्या की, त्यांत विचारायचें काय? राउटरचे दिवे त्यांनी स्वतः काळ्या पट्टीने झाकले. घंगाळ न्हाणीघरात परत गेलं.

वायर लावली. पॅकेट लॉस शून्य. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ, तलवारीच्या पात्यासारखा. उद्या सराव सामना आहे. उद्या रक्ताचे पाट.

१४ डिसेंबर, रविवार

पाट वाहिले. आमच्याच लोकांचे.

पहिल्या फेरीत दार फोडून एकटाच आत घुसलो. मेलो. दुसऱ्या फेरीत तेच दार. तिसऱ्या फेरीत संयम पाळला आणि मागून ग्रेनेड टाकला. तो चौकटीला आपटून परत आला. रघुराम मेला, टीममधलाच पुरुषोत्तम मेला, उमाकांतचाही नुसता पाय हलत होता. श्रीनिधी एकटी वाचली, कारण तिने मी ग्रेनेड काढताना पाहिलं आणि ती पळाली. तिने एकटीने समोरच्या सगळ्यांना कापून काढलं.

लॉस शून्य दाखवत होता. म्हणजे मीटर बिघडला आहे. नाहीतर समुद्राखालची केबल. चेन्नईत केबल समुद्रातून येते, तिथे काहीही होऊ शकतं. मासे असतात.

कीबोर्ड गुडघ्यावर मोडला. गुडघा सुजला.

१५ डिसेंबर, सोमवार

श्रीनिधीने जेवणाच्या सुट्टीत व्हाइटबोर्डवर व्हाय-व्हाय केलं. सगळ्यांसमोर. माझी पद्धत, माझ्यावर.

कॅप्टन का मेले? एकटे घुसले. का? थांबले नाहीत. का? कुणाचं ऐकलं नाही. का? त्यांना वाटतं सगळे त्यांच्या मागून येतायत. का? तिथे तिने मार्कर खाली ठेवला आणि म्हणाली की पुढचं तुम्हीच लिहा. संपूर्ण बोर्डावर नेट हा शब्द नव्हता. मुद्दाम गाळला.

मी बोर्डाला लाथ मारली. सुजलेल्याच पायाने.

घरी आलो तेव्हा डोळ्यांपुढे लाल झालं होतं. सरळ देवघराकडे. उंबऱ्याशी थांबलो. वर जाऊन आंघोळ केली. धोतर भिजवलं, पिळलं, नेसलं. खाली आलो. चंदन उगाळायची सहाण उचलली आणि राउटर ठेचला. एक घाव, दोन घाव, मग मोजले नाहीत. हिरवे दिवे काळ्या पट्टीखाली विझले. प्लास्टिकच्या चिंधड्या तुळशीच्या पानांत. तो तडकताना जो आवाज आला तो कानात साठवून ठेवला आहे.

राघोत्तमराव तिथेच जप करत बसले होते. डोळे उघडले. मग विचारलं, झालें? मी म्हटलं, झालं. म्हणाले, सहाण धुवून ठेवा.

नवीन राउटर येईल तेव्हा खरा कर्दनकाळ दिसेल. हे सगळं त्या नव्या राउटरसाठी केलं.

१७ डिसेंबर, बुधवार

दोन गोष्टी.

एक. राममूर्ती साहेबांनी बोलावलं. ते आमचे मॅनेजर. रघुरामची कॉलर, प्लांटचा ड्रिल, ग्रेनेड, बोर्ड, सगळं त्यांच्या कानावर गेलं होतं. म्हणाले की कॅप्टन श्रीनिधी. मी म्हटलं ठीक, मी साधा खेळाडू म्हणून खेळतो, मोठेपणा दाखवतो. ते म्हणाले, साधा खेळाडूही नाही. बाहेर आलो तर कँटीनमध्ये कुणीतरी "कॅप्टन" म्हणून हाक मारली. वळलो. श्रीनिधीला मारली होती. जेवलो नाही.

दोन. घरमालकांची मुलगी श्रीरंजनी कॅनडात असते. रोज सकाळी कृष्णवेणीबाई तिला टॅबवर आरती दाखवतात. राउटर गेल्यापासून बंद. आज सकाळी त्या आरतीच्या वेळी काळा टॅब देवासमोर उभा करून बसल्या होत्या. मी जिन्यावरून पाहिलं. मला फार वाईट वाटलं. राउटरला बदडताना हे कुणी सांगितलं नाही.

संध्याकाळी नवा राउटर आणून लावला. आंघोळ करून.

२१ डिसेंबर, रविवार

फायनल पाहायचीच नव्हती. श्रीनिधीला काही अडलं तर सल्ला हवा, एवढ्यासाठी लावली. माझा लॅपटॉप परवा जिन्यावरून पडला (मी टाकला), म्हणून खाली त्यांच्या टीव्हीवर. दोघंही बघायला बसले. कृष्णवेणीबाई वाती वळत होत्या.

पुण्याच्या टीमची कत्तल झाली. दुसरा शब्द नाही. ज्यांना मी मारणार होतो त्यांना रघुरामने दारात गाठलं, पुरुषोत्तमने जिन्यात भाजलं, उरलेल्यांना श्रीनिधीने मागून एकेक करत आडवं केलं. ती दाराशी थांबली. सगळे आल्यावरच आत शिरली. भिंतीवर इतकं रक्त होतं की कृष्णवेणीबाईंनी वाती बाजूला ठेवल्या.

त्यांनी विचारलं, ह्यांत तुम्ही कोण?

मी श्रीनिधी चालवत असलेल्या सैनिकाकडे बोट दाखवलं. म्हटलं, तो, सगळ्यांना मारतोय तो.

राघोत्तमरावांनी टीव्हीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. म्हणाले, मग तुम्ही इथें कसे?

नेटचा प्रॉब्लेम म्हणायला तोंड उघडलं. पण समोर चित्र स्वच्छ चाललं होतं, सुरुवातीपासून एकदाही अडकलं नव्हतं. मी म्हटलं, मला टीममधून काढलं.

दोनदा म्हणावं लागलं. गोळीबाराचा आवाज फार होता.