घंटीची तार आणि दात्याची पाटी

गोंडपिपरी, मंगळवार, संध्याकाळ

किळस आली आज. विहाराच्या अभ्यासिकेत माझी पुतणी प्रज्ञा वनरक्षक भरतीचा अभ्यास करते. तिथं दानशूर भाऊसाहेबांनी वीज ‘अर्पण’ केली. पार दूरच्या खांबापासून ओढली काय, तर दारावरच्या घंटीची तार! बारीक तारेत विजेचा अर्धा जोर वाटेतच जिरतो. आतले पिवळे बल्ब विझत्या निखाऱ्यासारखे. पुस्तक नाकाला लावा, तरी अक्षर दिसेना.

मी तार बदला म्हणालो, तर भाऊसाहेब म्हणतात, "मोठे बल्ब लावू न भाऊ! टेन्शन काऊन घेऊन राह्यले?"

लावले मोठे बल्ब. ओझं वाढलं, तार तीच. उजेड आणखी मंदावला, वर तार हाताला गरम लागायला लागली. प्रज्ञा म्हणाली, "काका, मले वनरक्षक व्हायचं आहे, घुबड नाई."

बाहेर भिंतीत बसवलेली त्यांच्या नावाची पाटी मात्र लखलखत होती. तिच्या दिव्याला वेगळी तार, चांगली जाड, थेट खांबावरून. म्हणजे माहीत होतं तर! जाड तार कुठं लागते, हे या माणसाला पक्कं माहीत होतं. मग आत घंटीची तार कशाला?

शेवटी पोरींनी सतरंजी उचलली आणि त्या पाटीला पाठ टेकून वाचत बसल्या. भाऊसाहेबांनी लगेच मोबाईल काढला.

"वाक न बेटा, नाव झाकून राह्यलं."

प्रज्ञानं पान उलटलं. डोकं हलवलं नाही.