आपल्या माणसांत

आई, तुला अल्सर नव्हता, कॅन्सर होता. तुला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही, म्हणून आज मी सांगतेय. बाबा आणि काका दवाखान्याच्या जिन्यात काहीतरी ठरवून आले आणि त्या दिवसापासून घरात अल्सर सुरू झाला. मी बारावीत होते. आईसमोर तोंड पाडून बसायचं नाही, असं मलाही दटावलं होतं. तू मात्र ऐन थंडीत हट्टाला पेटलीस, वर्षाची चटणी आत्ताच करायची म्हणून. आपल्या कोल्हापुरात चटणी उन्हाळ्यात कुटतात, हे काय मी तुला सांगायचं? काकी म्हणाली, हौस आली म्हणजे बरी होतेय बघ. मी परातीपुढे बसलेय, तू भिंतीला टेकून पाटावर, आणि मी म्हणते, "एप्रिलमध्ये करू की गं, तू बरी झालीस की." तू म्हणतेस, "गप मोज. मिठाचा अंदाज चुकला तर वर्षभर बोंबलत बसशील." मग आपण दोघी रिक्षानं डंकावर गेलो. मिरची कुटायला लागली की तिथं सगळ्यांचेच डोळे गळतात. तुझे जरा जास्तच गळत होते, आणि तिथं कुणी काही विचारलं नाही. तुला ठाऊक होतं ना गं?

मला सगळं ठाऊक आहे, एवढाच आपल्यात फरक. माझाही कॅन्सरच, छातीतून हाडांत गेलाय. हा आता जाणार नाही, औषधांनी जेवढा आवरेल तेवढा आवरायचा, असं डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं. पण कळून तरी काय मोठं मिळालं? चंदीगडला, सेक्टर तीसच्या क्वार्टरमध्ये, मी खिडकीपाशी बसून असते. हे दुपारी प्रयोगशाळेतून जेवायला येतात, भात कालवून पुढ्यात ठेवतात आणि आजार सोडून जगातलं सगळं बोलतात. लेकीला मराठी कळतं, उत्तर हिंदीत येतं, "मम्मा, आप बस पॉझिटिव्ह सोचो." इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका डबे आणतात, मऊ आणि अळणी, जसा काही जिभेलाच रोग झालाय, आणि कुणाची बदली कुठं झाली ते सांगून जातात. उठले तर बस, बसले तर पड जरा. वीट आलाय मला. त्यात पुण्याहून दिरांचा रोज फोन, आता आपल्या माणसांत या. यांनी पुण्याला बदली मागितली, दिरांनी खालची खोली रंगवून कमोडसुद्धा बसवून घेतला. मला कुणी विचारलं नाही. त्या खोलीचा थेट फोटोच मोबाइलवर आला. इथून उचलून तिथं ठेवणार, बस्स.

माझी माणसं कोण, ते तुला सांगते. केमोच्या वेळी शेजारच्या खुर्चीत पंचकुल्याच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. ओळख ना पाळख, पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "कौन सी स्टेज, पुत्तर?" मी म्हटलं चौथी. "मेरी भी," म्हणाल्या आणि पर्समधून पिन्नीचा लाडू काढून हातावर ठेवला. आता आम्ही चार-पाच जणी आहोत. सलाईन संपली की कँटीनमध्ये बसतो. बांगड्या कुणाला द्यायच्या, कुठली सून रडायचं नाटक करेल, सगळं बोलतो. एकीचा केसांचा टोप स्कूटरवरून उडाला, ते ऐकून मी इतकी हसले की बरगड्या दुखल्या. तिथंच एकदा मी म्हटलं, "मुझे मरने से डर लगता है." कुणी मला गप्प केलं नाही. बाई म्हणाल्या, "मुझे भी लगता है. चाय पिएगी?" थंडी सरली की आम्ही सगळ्या कसौलीला जाणार आहोत. मला जायचंय गं. कितीतरी महिन्यांनी मला कुठंतरी जावंसं वाटतंय.

परवा बदलीची ऑर्डर आली. हे पेढे घेऊन आले. मी म्हटलं, "मला नाही जायचं." "अगं, तिथं आपली माणसं आहेत." "इथं माझी आहेत," मी फटकन म्हणाले. हे बूट न काढता तसेच खुर्चीत बसले. म्हणाले, "आणि इथं माझं कोण आहे? तुला माझ्यासमोर रडता येत नाही, तसं मलाही येत नाही. भावाजवळ तरी येईल." हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी एकटीच कोंडलेय असं धरून चालले होते. मग मी मराठीत पहिल्यांदा म्हणाले, "अहो, मला मरायची भीती वाटते." हे म्हणाले, "मला तुझ्याशिवाय राहायची." दोघंही रडलो. ऑर्डर काही त्यानं रद्द झाली नाही. दोन महिन्यांची मुदत मागून बघतो म्हणालेत, मिळेल न मिळेल. पेढ्यांना अजून कुणी हात लावलेला नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. तरी एक सांगते. सगळे मला आपल्या माणसांत जा म्हणतात, आणि तुझ्याइतकं आपलं मला दुसरं कुणीच नव्हतं. रोज आठवतेस. पण मला तुझ्याकडे यायचं नाही, आई. इतक्यात नाही.