एकोणीसशे चौदाची जागा

२ मार्च
ठरलं. डॅडचा एक सेंटच्या नाण्यांचा संच मी पूर्ण करणार. निळ्या पुठ्ठ्याच्या घडीत सालवार भोकं आहेत, प्रत्येकात त्या सालचा सेंट. सगळी भरली, एक सोडून. १९१४, डेन्व्हर टांकसाळ. तिथे डॅडनी एक झिजून सपाट झालेला सेंट बसवलाय. साल दिसत नाही, लिंकनला चेहरा नाही. त्याला ते राखणदार म्हणतात. खरा येईपर्यंत जागा धरायची.

आई गेल्यापासून डॅड रोज जेवणानंतर ती घडी उघडून बसतात, राखणदारावर अंगठा ठेवून. बोलत नाहीत. अपूर्ण काम माणसाला आतून पोखरतं, हे मी कॉलेजात शिकले. या घरात एकाला तरी रोगाचं निदान करता आलं.

मुदत: २८ मार्च. त्यांचा वाढदिवस.

५ मार्च
बँकेतून सेंटचे रोल आणले. पद्धत सोपी. नाणं उलटं करायचं. मागे गव्हाच्या ओंब्या असतील तर जुनं, इमारत असेल तर नवं, म्हणजे बरणीत. सगळ्या इमारती निघाल्या.

डॅड म्हणाले, प्रोफेसरबाई, असला माल बँकेत पडून असता तर मी तीस वर्षं पोलादाच्या भट्टीपुढे कशाला भाजून घेतलं असतं?

या महिन्यातलं त्यांचं सर्वांत लांब वाक्य. उपचार लागू पडतोय.

११ मार्च
नोकरीचे अर्ज आज पाठवायचे होते. बोटं तांब्याने काळी झालीत, कागदावर ठसे उठतात. पुढच्या आठवड्यात.

१९ मार्च
मिस्टर ओबरलेंच्या नाण्यांच्या दुकानात १९१४ चा डेन्व्हर सेंट आहे! इंटरव्ह्यूच्या सूटसाठी ठेवलेले सगळे पैसे दिले. माणूस आतून तयार हवा, सूटचं काय.

ओबरले म्हणाले, तुझे वडील दर शनिवारी येतात, हाच सेंट हातात घेतात आणि परत ठेवतात. मी स्वस्तात देऊ केला, तरी नको म्हणाले.

संकोची स्वभाव. मी ताडलंच होतं.

२७ मार्च, शुक्रवार
डॅड चर्चच्या हॉलमध्ये ईस्टरआधीच्या शुक्रवारी असतं त्या माशांच्या जेवणाला गेले. राखणदार लोण्याच्या सुरीने उचकटला, खरा बसवला. राखणदार बरणीत टाकला आणि बरणी सुपरमार्केटमधल्या सुटी नाणी मोजणाऱ्या यंत्रात रिकामी केली. आलेल्या पैशांत केक घेतला. सगळं कसं जुळून आलं.

२८ मार्च
केकच्या आधी घडी हातात दिली. डॅडचा अंगठा सवयीने त्या जागी गेला आणि थांबला. इथला कुठे गेला, म्हणाले. मी सांगितलं. छान, एवढं म्हणाले, कोट घातला आणि गॅरेजमध्ये जाऊन बसले. गहिवरले असावेत.

लॉरेटा आत्या पिरोगी, म्हणजे आमच्या पोलिश उकडलेल्या करंज्या, घेऊन आली होती. तिने भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, कोरीन, तो सेंट तुझ्या आईच्या बुटातला. आपल्यात नवरीच्या बुटात सेंट ठेवतात ना, तो. लग्नात तो पायाखाली घेऊनच ती पोल्का नाचली, आणि नंतर ते बूट फाटेपर्यंत सेंट आतच ठेवला. पायानेच झिजवला तिने.

मला कुणी सांगितलं नाही, मी म्हटलं.

आत्या म्हणाली, तू कधी कुणाला विचारलंस? कॉलेजातून आलीस तेव्हापासून सांगतेच आहेस.

३० मार्च
सुपरमार्केटात जाऊन आले. यंत्रातली नाण्यांची थैली शनिवारीच बँकेत गेली. तिथला माणूस म्हणाला, ताई, सेंट तो सेंट, दुसरा घे.

नवी योजना. नाणी फिरून शेवटी बँकेतच येतात. म्हणजे सापडणारच.

९ एप्रिल
रोल. आणखी रोल. डॅड स्वयंपाकघरातून जाताना टेबलाकडे बघत नाहीत. घडी फ्रिजवर पडून आहे. आज त्यांनी माझ्याजवळ साबण आणून ठेवला.

१८ एप्रिल
सापडला. चेहरा नाही, साल नाही, अगदी तसाच. मागे इमारतीचे खांब किंचित बोटाला लागतात. आईच्या सेंटमागे ओंब्या असणार, तो काळच तसा होता. पण एकदा बसवला की मागची बाजू पुठ्ठ्याला लागते. कोण बघतं?

१९ एप्रिल, रविवार
नाश्त्याला डॅडच्या तळहातावर ठेवला. म्हटलं, बघा, फिरून आला.

त्यांनी तो उलटा केला. खांबांवरून नख फिरवलं. सुलटा केला. मग माझ्या बोटांकडे बघितलं. साबणाने काही उपयोग झालेला नाही.

हाच तो, म्हणाले.

१९१४ चा सेंट काढून माझ्या बशीशेजारी ठेवला. म्हणाले, ओबरले परत घेईल, तू सूट घे. मग तो दुसरा अंगठ्याने दाबून जागेवर बसवला, घडी मिटली आणि हॉलमधल्या कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली, आईच्या टोप्यांच्या मागे.

संच पूर्ण झाला, असं लिहून ठेवते.