चहा गार व्हायच्या आत

सदाशिव पेठ, पुणे

तीर्थस्वरूप रावसाहेबदादा यांस,
धाकट्या मुक्ताचा साष्टांग नमस्कार.

आपली प्रकृती उत्तम असेलच. ती उत्तम असल्याचं आपण हडपसरपासून मार्केट यार्डापर्यंत भेटेल त्याला सांगता, त्यामुळे चौकशीचा प्रश्न मिटला. द्वारकावहिनींचे गुडघे कसे आहेत? माझी काळजी नसावी. एका गावात राहून पत्र कसलं लिहितेस, असं म्हणाल. पण फोन केला की मी दुसऱ्या वाक्यावर येते आणि आपल्या गाळ्यावर डाळिंबांची गाडी येते. कागद निदान ‘नंतर बोलू’ म्हणत नाही.

गेल्या भाऊबीजेला आपण ओवाळणीत पाकिटाबरोबर एका डॉक्टरांचा नंबर घातलात. आबा आतड्याच्या कॅन्सरने गेले तेव्हाच आपल्या दोघांना कोलोनोस्कोपी करून घ्यायला सांगितलं होतं (आपल्या घरात डॉक्टरांचा सल्ला लोणच्यासारखा मुरवतात). ती आपण एकदाची करून आला होतात आणि भलतेच खूश होतात. का, तर डॉक्टर फार जलद! वहिनींनी बाहेर चहा सांगितला, तो गार व्हायच्या आत आपल्याला बाहेर आणलं. आपल्या घराण्यात डॉक्टरची पारख हीच. जो लवकर सोडतो तो हुशार. जो वेळ घेतो त्याला काही येत नाही.

मग मी त्याच हुशारांकडे गेले. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध एक मोठा जग भरून पाण्यातून प्यायचं होतं. वहिनींनी फोनवर धीर दिला, की अर्धं प्यायलं तरी चालतं, आमच्या ह्यांनीही अर्धंच प्यायलं. उरलेलं मी जास्वंदीला घातलं (तिने मला अजून माफ केलेलं नाही). बियांचं काही खाऊ नका, असंही बजावलं होतं. पण आपण पाठवलेली पेटी समोर होती, आणि पथ्य डाळिंबाला लागू पडतं असं आपल्या घरात कुणाला कधी वाटलेलंच नाही. आबांना अगदी शेवटपर्यंत तुम्ही डाळिंबच भरवत होतात. तर दुसऱ्या दिवशी तुमच्या डॉक्टरांना माझ्या पोटात काय दिसलं असेल? अर्धवट धुतलेलं आतडं आणि त्यात मार्केट यार्ड. तरी ते म्हणाले, ‘सगळं स्वच्छ!’ पुण्यात स्वच्छतेची व्याख्या सैल आहे हे ठाऊक होतं. ती माझ्या पोटापर्यंत पोचली असेल असं वाटलं नव्हतं.

उन्हाळ्यात मला जिना चढताना धाप लागू लागली. आपलं निदान होतं वय. वहिनींचा उपाय होता बीट. माझी नम्रता फक्त म्हणाली, ‘आई, गप्प चल माझ्याबरोबर.’ तपासणीत अंगात रक्त फारच कमी निघालं, म्हणून तिने मला पोटाच्या डॉक्टर नाजिमांकडे नेलं. आधीच्या तपासणीत आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत पाहिलं होतं का, नळी बाहेर काढताना किती वेळ घेतला, असं त्यांनी विचारलं. मी अभिमानाने चहाची गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘काकू, नळी आत घालणं म्हणजे तपासणी नव्हे. खरं बघायचं ते बाहेर येताना, एकेका घडीच्या मागे. आणि पोट साफ नसेल तर तसं सांगून पेशंटला परत बोलवायचं असतं. इतकी घाई असेल तर माणसाने चहाच प्यावा, हे करू नये.’

या वेळी औषध सगळं प्यायले, निम्मं संध्याकाळी, निम्मं पहाटे. डॉ. नाजिमांनी इतका वेळ घेतला, की बाहेर नम्रताचे दोन चहा आणि इडली झाली. (आपण असता तर ‘बाईंना काही येत नाही’ म्हणून मला उचलून नेलं असतंत.) आतड्यात दोन लहान कोंब (त्यांच्या भाषेत पॉलिप) होते, ते त्यांनी तारेच्या फासाने तिथल्या तिथे काढले. तिसरा उजव्या टोकाला, घडीच्या आड होता. तो आता कोंब राहिलेला नव्हता. गेल्या भाऊबीजेच्या सुमारास तोही बहुधा फासात मावला असता, असं त्या म्हणाल्या. ‘बहुधा’ त्यांनी माझ्यावर दया म्हणून घातलं. तपासणीत आबांचाच आजार निघाला. आबांचं घर तुम्हाला मिळालं, मला हे.

तेच सांगायला फोन केला, तर तुम्ही म्हणालात, ‘अगं, त्या बाई घाबरवतायत तुला. माझं बघ, स्वच्छ!’ दादा, पेटीचा वरचा थर सगळेच देखणा लावतात, हे लहानपणी मला तुम्हीच दाखवलंत. आजही पेटी पालथी करून तळ पाहिल्याशिवाय तुम्ही भाव बोलत नाही. सख्खा मेव्हणा माल घेऊन आला, तरी त्याच्या देखत तुम्ही पेटी उलटी केलीत. आणि स्वतःच्या पोटाचा माल मात्र वरचा थर पाहून पास करून आलात, तोही त्याच माणसाकडून, तशाच अर्ध्या धुतलेल्या पेटीत.

असो. वहिनींना नमस्कार, शौनकला आशीर्वाद.

आपली,
मुक्ता

ता. क. : वर ‘माझी काळजी नसावी’ लिहिलंय, ते पत्राची रीत म्हणून. थोडी असावी. पुढच्या गुरुवारी ऑपरेशन आहे.

ता. क. २ : त्याआधीच्या सोमवारी डॉ. नाजिमांकडे आपलं नाव नोंदवलं आहे. वहिनींना सगळं सांगितलंय. औषधाचा जग रिकामा होईपर्यंत त्या समोरून उठणार नाहीत. गाडी आली तर शौनक बघेल. येत्या भाऊबीजेला निरांजन धरायला मी असेन, असं आपण धरून चालू. पण पाटावर तुम्ही नसलात, तर मी ओवाळू कुणाला?

ता. क. ३ : रविवारी डाळिंब खाऊ नका.