खालच्या खोलीच्या हवेबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, युरेनियम तपासणीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. घरातल्यांचं मत वेगळं आहे, पण त्यांच्याकडे दाखला नाही. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दडपण आणायला जिना चढून वर यावं लागतं, आणि वर कोणी येत नाही.

का येत नाही, ते आधी नोंदवते. युरेनियमच्या नमुन्यात कोणता समस्थानिक किती, हे मोजण्यात माझी नोकरी गेली. समस्थानिक म्हणजे एकाच आईची लेकरं: नाव एक, गुण तेच, वजन तेवढं वेगळं. २३८ म्हणजे आमचा दादा. शंभरातल्या नव्व्याण्णव जागा अडवून बसलेला, आणि इतका सुस्त की निम्मा संपायला साडेचार अब्ज वर्षं लागतात. २३५ माझ्यासारखा, शंभरात धड एकसुद्धा नाही, पण बॉम्बपायी बदनामी सगळी त्याचीच. हे मी वहिनीला नोकरी लागल्या लागल्या समजावून सांगितलं. ती म्हणाली, "असेल गं. तुझा कप मात्र मी वेगळा ठेवलाय हं."

कलम एक. तो कप वहिनीला. जन्मभर तिने त्याला चिमट्याने उचललं, आता खुशाल फोडावा.

कलम दोन. किरणं मोजायचं टिकटिकणारं यंत्र दादाला. ते माझ्याजवळ धरलं तर जेवढं टिकटिकतं, तेवढंच त्याच्याजवळही टिकटिकतं. मी त्याला तसं करून दाखवलं. तो ओरडला, "म्हणजे मलाही लागलं की तुझं!"

कलम तीन. आता मुद्द्याचं. खालची खोली अर्धी जमिनीत आहे, खाली खडक. खडकात युरेनियम मुळातच असतं. ते मी पर्समधून आणलेलं नाही. ते मोडत मोडत त्याचं रेडियम होतं, आणि रेडियमचा रेडॉन नावाचा वायू. त्याला ना रंग ना वास. फरशीच्या फटींतून वर येतो, बंद खोलीत साचतो, वर्षानुवर्षं छातीत गेला तर फुफ्फुसाच्या कॅन्सरला आमंत्रण. फटी बुजवा, पंखा बसवा, निदान खिडक्या तरी उघडा. तर वहिनीने त्याच खिडक्यांना खिळे ठोकले आहेत. का? तर माझी किरणं वरून खाली उतरू नयेत म्हणून! आता हसावं की रडावं?

मी त्या खोलीत हवा तपासायची डबी टांगली. वहिनीने ती कचऱ्यात फेकली. "हिची हिंमत बघा, युरेनियम आणून घरात टांगते!" मग मी दुसरी डबी कपाटामागे लपवली. रेडॉन मर्यादेच्या पाचपट निघाला. दादा म्हणाला, "मी पंचाहत्तरीला आलो, मला काय धाड भरलीय?" ठीक आहे. दादा सज्ञान आहे, त्याची फुफ्फुसंही सज्ञान आहेत.

पण त्या खोलीत त्याची नात झोपते. भिंगरी, वय सहा. तिचे आईबाप नोकरीपायी लांब असतात. भाच्याला मी फोन केला, तर म्हणतो, "आत्या, आईचं मन मोडवत नाही गं." आईचं मन फार नाजूक, पोरीची छाती काय, लोखंडाची असेल! परवा भिंगरी उशी घेऊन जिन्यात आली. "आत्याआजी, मी तुझ्याकडे झोपू?" तेवढ्यात खालून हाक आली, "खाली ये आधी! वर किरणं असतात!" पोर गेली. मला त्या रात्री रडू आलं, हेही नोंदवून ठेवते.

कलम चार. वरचा मजला, त्याच्या सगळ्या खिडक्यांसह, भिंगरीला. तिने तिथेच झोपावं. मी म्हटलं, हे आजपासूनच लागू करा. वकीलबाई म्हणाल्या, "ताई, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होतं." म्हणजे पोरीला मोकळी हवा मिळायची तर मी आधी मरायला हवं. हृदयाचे डॉक्टर त्या दृष्टीने आशावादी आहेत.

कलम पाच, वकीलबाईंना शेवटची सूचना. मी गेल्यावरही वहिनी पोरीला वर पाठवणार नाही. तिला रेडॉन समजावू नका. मी आयुष्यभर समजावलं. तिला एवढंच सांगा की सगळी किरणं माझ्या अंगात होती, ती माझ्याबरोबर गेली, वरचा मजला आता स्वच्छ झाला. हे धादांत खोटं आहे. माझ्या सहीने सांगा.

साक्षीदार: १. समोरचे दातांचे डॉक्टर. २. प्रयोगशाळेतली माझी जोडीदारीण.
स्थळ: वरचा मजला, खिडकी उघडी.
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यावरचा.
सही: भिंगरीची आत्याआजी