सहाशे बारावी मतपत्रिका

दि. ९, सोमवार

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस होऊन गेले. उत्तर नाही म्हणून तू वहिनीचं डोकं खाल्लं असशील, हे मी इथे बसून सांगू शकते. फोन केला असता, पण फोनवर तुला चारातले तीन शब्द ऐकू येत नाहीत आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही.

राज्याच्या निवडणुकीत यंदा मला केंद्राध्यक्ष नेमलं होतं, ते तुला कळवलंच होतं. केंद्र आमच्याच शाळेत, सातवीच्या वर्गात. बाकं भिंतीला लावली, फळा पुसला, मतपेटी सगळ्यांना रिकामी दाखवून सील केली. बुधवारी मतदान अगदी सुरळीत झालं. मतदारांना मतपत्रिका फाडून द्यायचं काम चित्रकलेच्या सरांकडे होतं. संध्याकाळी हिशेबाचा तक्ता भरला, सह्या केल्या, पेटी गाडीत चढवली आणि घरी येऊन जी आडवी झाले ती सकाळीच उठले.

शनिवारी मोजणी झाली. आमच्या केंद्राच्या तक्त्यात मी दिलेल्या मतपत्रिका लिहिल्या आहेत सहाशे अकरा आणि पेटीतून निघाल्या सहाशे बारा. एक कमी निघाली असती तर कुणी काही बोललं नसतं, कुणीतरी खिशात घालून घरी नेली असं म्हणाले असते. पण एक जास्त म्हणजे कुणीतरी ती आत टाकली. त्यात या मतदारसंघात जिंकणारा फक्त नऊ मतांनी पुढे आहे. हरणाऱ्याचा प्रतिनिधी तिथेच टेबलावर हात आपटून म्हणाला की हे केंद्रच रद्द करा आणि पुन्हा मतदान घ्या. निकालपत्रावर अजून शेवटची सही झालेली नाही. आमच्या केंद्राच्या ओळीपुढे लाल शाईने शेरा आहे.

आज मला नोटीस आली. बुधवारी, अठराला, लेखी खुलासा द्यायचा आहे. समाधान झालं नाही तर चौकशी. जूनमध्ये मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी माझं नाव गेलंय, त्याचं काय होईल ते तूच समज.

मी खुलाशाचा मसुदा केला आहे. दुपारी रांगेत भांडण लागलं म्हणून मी दहा मिनिटं बाहेर गेले होते. तेव्हा मतपत्रिकांचं पुस्तक सरांच्या ताब्यात होतं, असं त्यात लिहिलंय. तेवढंच, आरोप काही केलेला नाही. पण सरांचा मेहुणा जिंकलेल्या उमेदवाराचे फलक रंगवतो, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. वाचणारा काय वाचायचं ते वाचेलच.

तू एकतीस वर्षं निवडणूक कचेरीत काढलीस. मसुदा बरोबर आहे का एवढं सांग. वहिनीस नमस्कार.

घाबरलेल्या बहिणीवर माया पातळ करू नकोस.
तुझी,
धाकटी


दि. १२, गुरुवार

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, मग तुझ्या वहिनीने वाचलं, मग मी पुन्हा वाचलं. तू घाबरली आहेस हे अक्षरावरूनच दिसतंय. एरवी तुझ्या ओळी पट्टीने आखल्यासारख्या असतात.

पहिली गोष्ट, तो मसुदा पाठवू नकोस. त्यातलं वाक्य खरं आहे, मान्य. पण खरं वाक्यसुद्धा माणसाच्या अंगावर सोडता येतं आणि तू नेमकं तेच केलं आहेस. सरांनी एक मतपत्रिका जास्त टाकली असं तू पाहिलंस का? नाही. मग ते वाक्य तिथे कशाला आलं, हे तुझं तूच स्वतःला विचार. सरांची नोकरी जाईल. तुला फार तर ठपका येईल.

दुसरी गोष्ट. माझ्या एकतीस वर्षांत मतपेटीत जादूने मतपत्रिका आलेली मी एकदाही पाहिली नाही. तक्त्यात चुका मात्र इतक्या पाहिल्या की सांगता सोय नाही. एका केंद्राध्यक्षाने एकूण मतांच्या जागी तारीख लिहिली होती आणि खाली झोकात सही ठोकली होती. मोजणीच्या टेबलावर तक्त्याचा शेवटचा रकाना तेवढा बघतात, वरचं कुणी वाचत नाही. म्हणून मला वरचं कळव. पुस्तकातली कोणत्या क्रमांकाची मतपत्रिका पहिली दिलीत आणि कोणत्या क्रमांकाची शेवटची? तू असलं सगळं स्वतःच्या डायरीत उतरवून ठेवतेस, मला माहीत आहे. लहानपणी मी किती पेरू खाल्ले त्याचीही नोंद तुझ्याकडे असायची.

आणि आणखी एक. मतदार येऊन गेला की यादीत त्याच्या नावापुढे खूण करतात. संध्याकाळी त्या खुणा मोजून त्यांचा आकडा तक्त्यात वेगळा लिहायचा असतो. तो तू मोजून लिहिलास का, हे सरळ सांग. मी तुझा भाऊ आहे, साहेब नव्हे.

उत्तर ताबडतोब टाक. जेवत जा. तुझ्या गणितावर माझा विश्वास आहे, निदान माझ्या गणितापेक्षा नक्कीच जास्त.

दोन वेळा नापास झालेल्या भावाचा आशीर्वाद तोकडा मानू नकोस.
तुझा,
दादा


दि. १४, शनिवार

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी राग आला. मी सल्ला मागितला होता आणि तू कान उपटलेस. मग राग गेला, कारण ते वाक्य तिथे का आलं हे मला माहीत आहे. माझ्याकडे कुणी बोट दाखवायच्या आत मला दुसरीकडे दाखवायचं होतं. हे लिहितानाही लाज वाटते.

सरांचं वागणं मात्र बदललंय. शिक्षकांच्या खोलीत माझ्या समोरची खुर्ची सोडून ते खिडकीपाशी बसतात. काल मी काही विचारायला गेले, तर वह्या उचलून वर्गात निघून गेले, घंटा व्हायला अजून दहा मिनिटं होती. त्यांनाही वेगळी नोटीस आली आहे आणि त्यांनी उत्तर देऊनही टाकलंय असं कारकुनाने सांगितलं. काय लिहिलं ते कळत नाही. मी बाहेर गेले होते हेच लिहिलं असणार. मग माझा मसुदा मी का अडवून ठेवायचा, तू सांग.

तू विचारलेले आकडे डायरीत आहेत. पहिली दिलेली मतपत्रिका २४०१, शेवटची ३०१२. फरक सहाशे अकरा. मी ही वजाबाकी पाच वेळा करून पाहिली. आठवीच्या एका मुलीकडूनही करून घेतली, तिला कारण न सांगता. सहाशे अकराच येतात.

आता तुझा दुसरा प्रश्न. खुणा मोजल्या नाहीत. सहा वाजून गेले होते, गाडी फाटकाशी उभी होती, ड्रायव्हर भोंगा वाजवत होता आणि यादी चाळीस पानांची. दोन्ही आकडे सारखेच यायचे असतात, म्हणून सहाशे अकरा तिथेही लिहून टाकले. उरलेल्या मतपत्रिकाही त्याच आकड्यावरून काढल्या. मुलींनी पडताळा न करता उत्तर लिहिलं तर मी अर्धा गुण कापते, दादा. हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही.

बुधवार जवळ आला. काही सुचत नाही. मसुदा टेबलाच्या खणात आहे, पाकिटात घालून ठेवलाय.

चुकले असले तरी तुझीच आहे हे विसरू नकोस.
धाकटी


दि. १६, सोमवार
(जलद टपालाने)

चि. सौ. धाकटीस,
अ. आ.

पाकीट खणातच राहू दे. हे पत्र वेळेत पोचावं म्हणून मी स्वतः पोस्टात चाललो आहे.

आता एक काम कर. १ ते ५ क्रमांकाच्या मतपत्रिका आहेत असं समज आणि त्या बोटांवर मोज. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच झाल्या ना? आता पाचातून एक वजा कर. चार. मग एक मतपत्रिका कुठे गेली?

कुठेही गेली नाही. पहिली तू मोजलीच नाहीस. २४०१ क्रमांकाची मतपत्रिकासुद्धा कुणालातरी दिली होती, ती वजाबाकीत निघून गेली. २४०१ ते ३०१२ म्हणजे सहाशे बारा होतात. तुझी वजाबाकी पाचही वेळा बरोबर आहे, आठव्या इयत्तेतल्या मुलीचीही बरोबर आहे. फक्त तिथे वजाबाकी करून भागत नाही, वर एक मिळवावा लागतो. मी नापास माणूस, मला वजाबाकीचा भरवसा कधीच नव्हता. म्हणून रेकॉर्ड रूममध्ये मी नेहमी बोटांनी मोजायचो आणि लोक हसायचे. हुशार माणसंच ही चूक करतात.

तेव्हा पेटीत आगंतुक कुणी आलेलं नाही. सर निर्दोष आहेत आणि तूही. हे पत्र मिळताच नवा खुलासा लिही. त्यात दोन्ही गोष्टी सांग, एक न मिळवल्याची आणि खुणा न मोजल्याची. दुसरी लपवू नकोस. ती लपवलीस तर पहिलीवर कुणी विश्वास ठेवणार नाही. मग विनंती कर की मतपत्रिकांच्या स्थळप्रती, म्हणजे पुस्तकात मागे राहतात ते तुकडे, आणि खुणा केलेली यादी, ही सीलबंद पाकिटं दोन्ही पक्षांसमोर उघडून मोजावीत. ठपका येईल, तो घे.

तुझा,
दादा

वन्सं, मी दोन ओळी लिहिते. आज सकाळी तुमचं पत्र आलं तेव्हा हे भाजी निवडत होते. पत्र वाचलं आणि शेंगा टेबलावर ओळीने मांडून मोजत बसले. मला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. मग एकदम हसायला लागले आणि म्हणाले की हिला मी चाळीस वर्षांत पहिल्यांदा गणितात हरवलं. त्यानंतर मात्र चष्मा काढून डोळे पुसत होते, हे मी सांगितलं म्हणून सांगू नका. काळजी सोडा आणि शांत झोपा.
तुमची वहिनी


दि. २४, मंगळवार

ती. दादास आणि सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

संपलं. आज पंधरवड्यानंतर मी दोन वाट्या भात जेवले आणि दुपारी वर्गात मुलींना विनाकारण सुट्टी दिली.

तुझं पत्र बुधवारी सकाळी नऊला हातात पडलं. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या बोटांवर एक ते पाच मोजले आणि तिथेच खाली बसले. मग तू सांगितलंस तसा खुलासा लिहिला, दोन्ही चुकांसकट, आणि स्वतः नेऊन दिला. जुना मसुदा खणातून काढून फाडला.

काल पाकिटं उघडली. लांब टेबल, एका बाजूला दोन्ही उमेदवारांचे प्रतिनिधी, एका बाजूला मी आणि सर, मध्ये निवडणूक अधिकारी. सील दाखवलं, सगळ्यांनी पाहिलं म्हणून सह्या घेतल्या, मग फोडलं. स्थळप्रती पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्यांनी मोजल्या. बारा गठ्ठे आणि वर बारा. हरणाऱ्याच्या प्रतिनिधीने दोनदा मोजल्या, दुसऱ्यांदा थुंकी लावून. मग यादीतल्या खुणा मोजल्या, त्याही सहाशे बारा. तो माणूस उठला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि म्हणाला की आमच्या पोरांना तुमच्याकडे शिकवणीला पाठवणार होतो, आता विचार करावा लागेल. खोलीत सगळे हसले, मीसुद्धा हसले. इतक्या दिवसांनी हसल्यावर गाल दुखले.

अधिकाऱ्यांनी तक्त्यातल्या सहाशे अकरावर एकच आडवी रेघ मारली, खाली आकडा दिसेल अशी. बाजूला सहाशे बारा लिहिलं, माझी सही घेतली, तारीख घातली. लाल शेऱ्याखाली “पडताळले, जुळले” असं लिहिलं आणि निकालपत्रावर शेवटची सही केली. नऊ मतं ती नऊच राहिली. मला लेखी समज मिळाली आहे, ती सेवापुस्तकात जात नाही. जूनचं जूनमध्ये बघू.

पण तुला खरं सांगायचं आहे ते पुढचं. कागद फायलीला लावताना अधिकारी थांबले आणि सरांना म्हणाले की तुमच्या उत्तराचं आता काय करायचं. मग त्यांनी ते वाचून दाखवलं. तारीख अकरा, म्हणजे मी मसुदा पाकिटात घालून ठेवला त्याच दिवसांतली. सरांनी लिहिलं होतं, “केंद्राध्यक्ष बाई अठरा वर्षं गणित शिकवतात. त्यांचा हिशेब चुकलेला मी कधी पाहिला नाही, त्यामुळे तो चुकला असणं शक्य नाही. माझ्याच हातून दोन मतपत्रिका चिकटून एकाच मतदाराला गेल्या असणार. जबाबदारी माझी आहे.”

म्हणून ते माझ्यासमोर बसत नव्हते. त्यांना वाटत होतं की त्यांच्यामुळे मी अडचणीत आले.

मी विचारलं की हे उत्तर परत देता येईल का. अधिकारी म्हणाले की आवक क्रमांक पडलेला कागद फायलीतून निघत नाही. तेव्हा माझा हिशेब चुकणं शक्य नाही असं लिहिलेला कागद आणि तो चुकल्याची माझी कबुली एकाच दोऱ्यात ओवली गेली आहेत.

जिना उतरताना मी सरांना मसुद्याचं सांगितलं. काय लिहिलं होतं ते शब्दाला शब्द सांगितलं. रस्ता ओलांडून आम्ही बसथांब्यापर्यंत चालत गेलो. तिथे त्यांनी विचारलं की त्यात मी किती वेळ बाहेर होते असं लिहिलं होतं. मी म्हटलं, दहा मिनिटं. ते म्हणाले, “चांगला अर्धा तास झाला होता. पण निवडणूक अधिकाऱ्यांनी मला विचारलं तेव्हा मी पाचच मिनिटं सांगितली.” तेवढ्यात त्यांची बस आली आणि ते चढून गेले.

दादा, मी तिथेच बाकावर बसले आणि पोटभर रडले, लोक बघत होते तरी.

ज्या बहिणीची वजाबाकी चुकते तिच्यावर बेरजेने लोभ करावा, एवढंच मागणं.
तुमची,
धाकटी